सोमवारी सकाळचं काम गायब होतं: दोन संगणकांमधलं सिंक कुठे बिघडतं

तालुक्याच्या गावी माझं अर्ज टाइप करून देण्याचं दुकान आहे. समोरच तहसील कार्यालय, त्यामुळे वारसनोंदीचे अर्ज, हमीपत्रं, प्रतिज्ञापत्रं, पीक विम्याची कागदपत्रं हेच दिवसभर चालतं. दुकानात विंडोज १०चा जुना डेस्कटॉप आहे, घरी उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) घातलेला लॅपटॉप. उरलेलं काम संध्याकाळी किंवा रविवारी घरी होतं. कधी मी करते, कधी माझा भाचा. दोन्हीकडच्या फाइली सारख्या राहाव्यात म्हणून आम्ही सिंकथिंग नावाचा प्रोग्राम वापरतो. या फाइलींमध्ये लोकांच्या आधारच्या प्रती असतात, पासबुकाची पानं असतात. ती कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर साठवायची नाहीत, हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. सिंकथिंग फाइली थेट एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात पाठवतं. थेट वाट मिळाली नाही आणि मधल्या रिले सर्व्हरवरून जावं लागलं, तरी मजकूर एन्क्रिप्ट होऊनच जातो, म्हणजे मधल्या कुणाला तो वाचता येत नाही.

वर्षभर सगळं नीट चाललं. मग एक दुखणं सुरू झालं आणि ते दर आठवड्याला परत येऊ लागलं. सोमवारी सकाळी दुकान उघडायचं, पहिल्या गिऱ्हाइकाला समोर बसवून त्याच्या अर्जात दुरुस्ती करायची, सेव्ह करायची. तासाभराने तीच फाइल प्रिंटसाठी उघडली की दुरुस्ती नाही! रविवारी घरी केलेला मजकूर जसाच्या तसा समोर. एका आजोबांच्या वारसनोंदीच्या अर्जात मयताची तारीख अशीच जुनी राहिली आणि त्यांना दोन फेऱ्या जास्त पडल्या. त्या दिवशी मी ठरवलं, की हे मुळापासून शोधून काढायचं.

त्याआधी केलेल्या चुका सांगते, कारण बहुतेक जण तेच करतात. मी सिंकथिंग काढून पुन्हा टाकलं. मग त्याचा डेटाबेस पुसून फोल्डर नव्याने जोडला. याने दुखणं वाढतं. कुठली फाइल कुठल्या फाइलीवरून पुढे गेली, याची नोंद त्या डेटाबेसमध्ये असते. ती नोंद गेली, की दोन्हीकडे वेगळा मजकूर असलेली प्रत्येक फाइल त्याला नवा झगडा वाटते. प्रोग्राम दोषी आहे हे कळल्याशिवाय डेटाबेसला हात लावू नका.

खूण फाइलीच्या नावातच होती

काम गायब झालं असं मला वाटत होतं, पण ते त्याच फोल्डरमध्ये दुसऱ्या नावाने पडलेलं होतं. एकच फाइल दोन्हीकडे, एकमेकांना न कळता, बदलली गेली तर सिंकथिंग एक आवृत्ती मूळ नावाने ठेवतं आणि दुसरीच्या नावाला एक शेपूट जोडतं: सिंक-कॉन्फ्लिक्ट, मग तारीख, मग वेळ, मग सात अक्षरांची एक खूण. ती सात अक्षरं म्हणजे ज्या संगणकाने ती आवृत्ती शेवटची बदलली, त्याच्या डिव्हाइस आयडीची, म्हणजे सिंकथिंगमधल्या त्याच्या ओळखखुणेची, पहिली सात अक्षरं. थोडक्यात, हरलेली फाइल कुणाची होती ते नावातच लिहिलेलं असतं. मी मात्र त्या फाइली कचरा समजून पुसत आले होते.

या वेळी पुसल्या नाहीत. 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' शब्दाने शोध लावून सगळ्या एका यादीत आणल्या. जवळजवळ सगळ्यांच्या शेवटी दुकानातल्या डेस्कटॉपची सात अक्षरं होती. हरणारा नेहमी तोच. आणि काहींमध्ये तारीख होती २०१५०१०१, वेळ ०००४१२. म्हणजे १ जानेवारी २०१५, मध्यरात्रीनंतर चार मिनिटं. त्या वेळी माझं दुकानही नव्हतं.

तुमच्याकडेही असं काही होत असेल तर पहिलं काम हेच: कॉन्फ्लिक्ट फाइलींची यादी करा आणि त्यांची नावं वाचा. एकच संगणक सतत हरतोय का? तारखा खऱ्या वाटतात का? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की पुढचा अर्धा शोध वाचतो.

घड्याळ आणि मेन स्विच

सिंकथिंग रोजच्या कामात 'नव्या तारखेची ती खरी' असं ठरवत नाही. कुठल्या यंत्रावर किती बदल झाले याचा हिशोब ते ठेवतं, आणि त्यावरून कुठली आवृत्ती पुढची हे त्याला कळतं. पण दोन्हीकडे स्वतंत्र बदल झाले, की हिशोब अडतो. तिथे मात्र ते फाइलीवरची शेवटच्या बदलाची वेळ बघतं आणि जिची वेळ जुनी ती हरते. म्हणून घड्याळ चुकीचं असूनही आठवडाभर काही बिघडत नाही, आणि नेमका झगडा झाला की चुकीची फाइल हरते.

आमच्याकडे झगडा व्हायचा तो असा. रविवारी घरी लॅपटॉपवर काम झालं. दुकानातला डेस्कटॉप तेव्हा बंद. सोमवारी मी दुकान उघडून डेस्कटॉप लावायचे आणि लॅपटॉप पिशवीतच असताना त्याच फाइलीवर काम सुरू करायचे. दोन संगणक एकाच वेळी चालू असल्याशिवाय सिंकथिंगला काहीच करता येत नाही, कारण मध्ये साठवणारं कुणी नाही. पुढे लॅपटॉप उघडला, दुकानाच्या वायफायवर दोघं भेटले, आणि एकाच फाइलीच्या दोन आवृत्त्या आमनेसामने आल्या. माझ्या सकाळच्या फाइलीवर वेळ होती २०१५ची. ती हरणारच.

आता घड्याळ २०१५ला का जायचं? मदरबोर्डवर नाण्याएवढा चपटा सेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. बोलीत त्याला सीमॉस बॅटरी म्हणतात. संगणक बंद असताना घड्याळ तोच चालवतो. पण खरी मेख पुढे आहे. संगणक शटडाउन केला आणि भिंतीवरचं बटण चालूच ठेवलं, तर एसएमपीएसमधून, म्हणजे संगणकातल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून, मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते आणि सेल मेला तरी घड्याळ चालू राहतं. आपल्याकडे दुकान बंद करताना मेन स्विच पाडूनच निघतात, आगीच्या भीतीने, आणि ते योग्यच आहे. मेन पडला की घड्याळ पूर्णपणे त्या सेलवर. माझा सेल रात्रभर कसाबसा तग धरायचा. शनिवारी संध्याकाळी सात ते सोमवारी सकाळी दहा, म्हणजे एकोणचाळीस तास, ते त्याला झेपायचं नाही. म्हणून हे दुखणं सोमवारचं.

इंटरनेटची लाइन जोडली गेली की घड्याळ आपोआप बरोबर व्हायचं, कधी लगेच, कधी अर्ध्या-पाऊण तासाने. तोवर रांगेतल्या दोघा-तिघांच्या फाइली जुन्या तारखेने सेव्ह झालेल्या असायच्या. कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गर्दीच्या वेळी नजर जात नाही, आणि नजर जाईपर्यंत ते बरोबर झालेलं असायचं.

तपासायची रीत सोपी आहे. संगणक बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा, शक्य तर दोन दिवस तसंच राहू द्या. सुरू करण्याआधी इंटरनेटची केबल काढा किंवा राउटर बंद ठेवा. सुरू झाल्यावर तारीख बघा. चुकली असेल तर सेल गेला. मल्टिमीटर असेल तर सेल काढून मोजा. नवा सेल ३ व्होल्ट किंवा थोडं जास्त दाखवतो, माझा २.१ दाखवत होता.

सेल शंभर रुपयांच्या आत येतो, बदलायला पाच मिनिटं लागतात. पण तीन गोष्टी आधी करा. बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंग्जच्या, पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण सेल काढला की त्या सेटिंग्ज मूळपदावर जाऊ शकतात आणि डिस्कचा मोड बदलला तर विंडोज सुरूच होत नाही. डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) लावलेलं असेल तर त्याची रिकव्हरी की हाताशी ठेवा. आणि वायर काढल्यावर पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला चार्ज निघून जाईल.

सेल बदलल्यावर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग डेट अँड टाइम उघडा. वेळ आपोआप लावण्याचा पर्याय चालू आहे का, टाइम झोन भारताचाच आहे का, ते बघा आणि 'सिंक नाऊ' दाबा. मग एक काम राहतं, जे मी विसरले होते: जुन्या तारखेच्या फाइली. फोल्डरमध्ये 'डेट मॉडिफाइड'नुसार क्रम लावा, अशक्य तारखेच्या फाइली वेगळ्या काढा, आणि त्यांतल्या चालू कामाच्या फाइली एकदा उघडून पुन्हा सेव्ह करा. नाहीतर पुढच्या झगड्यात त्या पुन्हा हरतील.

फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर सेल बदलू नका. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असले की असं होतं. विंडोज मदरबोर्डचं घड्याळ स्थानिक वेळेत आहे असं धरतं, लिनक्स ते जागतिक वेळेत आहे असं धरतं, आणि आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. एकाने लावलेलं दुसरा चुकीचं वाचतो. लिनक्सला 'हार्डवेअर घड्याळ स्थानिक वेळेत आहे' असं एकदा सांगितलं की भांडण मिटतं. घरी कायम चालू राहणारा तिसरा संगणक म्हणून रास्पबेरी पाय हा छोटा संगणक लावणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं: पायच्या जुन्या मॉडेलांत सेलवर चालणारं घड्याळच नाही. वीज जाऊन आली आणि इंटरनेट नसलं, की त्याची वेळ मागेच राहते.

सिंकथिंगऐवजी तारखा बघून नुसती कॉपी करणारं साधन वापरत असाल, उदाहरणार्थ आरसिंक त्याच्या 'अपडेट' पर्यायासह, तर घड्याळाचा प्रश्न जास्त गंभीर आहे. तिथे हरलेली फाइल शेपूट लावून ठेवली जात नाही. जुन्या मजकुराची पण पुढच्या तारखेची फाइल आली, की ती तुमच्या कामावर सरळ लिहिली जाते.

एकसारखी दिसणारी दोन नावं

घड्याळ सुटलं. सोमवार शांत गेले. पण एक तक्रार उरली: 'शेतकऱ्यांचे अर्ज' नावाचे दोन फोल्डर, दोन्ही संगणकांवर, शेजारी शेजारी. अक्षर न् अक्षर सारखं. एकात काही अर्ज, दुसऱ्यात काही. भाचा म्हणाला, "मावशी, एक डिलीट करून टाकतो, डुप्लिकेट आहे." थांबवलं म्हणून बरं झालं. दोन्हींमध्ये वेगवेगळ्या माणसांचे अर्ज होते, आणि इथे पुसलं की तिथलंही पुसलं जातं.

एका जागी एकाच नावाचे दोन फोल्डर कुठलाच संगणक ठेवू देत नाही. म्हणजे नावं वेगळी होती, फक्त डोळ्यांना सारखी दिसत होती. आणि ही अडचण खास आपल्या मराठीची आहे.

'ऱ्या' हे अक्षर संगणकात दोन रीतींनी लिहिता येतं. मी इनस्क्रिप्ट या कीबोर्डवर शिकले. त्यात ऱ साठी स्वतंत्र कळ आहे, शिफ्टसह जे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणात, त्या अक्षराचा क्रमांक ०९३१. मी ऱ, मग हलन्त, मग य, मग काना असं टाइप करते. भाचा उच्चारानुसार टाइप करतो. त्याचा कीबोर्ड साधा र टाकतो, मग हलन्त, मग एक अदृश्य खूण, मग य, मग काना. ती अदृश्य खूण म्हणजे झिरो विड्थ जॉइनर. रुंदी शून्य, काम फक्त अक्षरं कशी जोडायची ते सांगण्याचं. पडद्यावर दोन्ही रीतींनी तोच अर्धचंद्री र दिसतो. युनिकोडच्या प्रमाणात दोन्ही मान्य आहेत: ऱ आणि हलन्त ही आताची शिफारस केलेली रीत, आणि अदृश्य जोडकाची रीत जुन्या, २.० आवृत्तीशी जुळावं म्हणून राखलेली. वाचणाऱ्याला काही फरक पडत नाही. संगणकाला मात्र 'शेतकऱ्यांचे' आणि 'शेतकर्‍यांचे' ही दोन वेगळी नावं आहेत.

सिंकथिंगमध्ये नावं एकरूप करण्याची सोय आहे आणि ती मुळातच चालू असते. ती इथे का उपयोगी पडली नाही? कारण ती युनिकोडने 'एकच' मानलेल्या जोड्याच एक करते. एकसंध ऱ, आणि र ला खाली नुक्ता देऊन केलेला ऱ, ही अशी जोडी आहे. मॅकवरून आलेल्या जुन्या फाइलींत नुक्त्याची रीत सापडते आणि ती बिनबोभाट जुळवली जाते. अदृश्य जोडकाची रीत त्या यादीत नाही. म्हणून सिंकथिंग तिला हात लावत नाही.

दुसरी तशीच जोडी ॲची. 'ॲडव्हान्स' मधला ॲ हे आता स्वतंत्र अक्षर आहे. युनिकोडमध्ये ते २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी अ लिहून त्यावर अर्धचंद्र देत, आणि काही कीबोर्ड अजून तेच करतात. ही जोडीही युनिकोड एक मानत नाही. आमच्याकडे 'ॲफिडेव्हिट' नावाच्या फाइली याच कारणाने दुहेरी झाल्या होत्या.

ओळखायचं कसं? कोड वाचता यायची गरज नाही. दोन्ही नावं एफ२ दाबून कॉपी करा आणि स्प्रेडशीटच्या दोन खणांत चिकटवा. शेजारच्या खणात अक्षरं मोजणारं लेन हे फंक्शन लावा. माझ्या इनस्क्रिप्टच्या 'शेतकऱ्यांचे अर्ज'ची संख्या १६ आली, भाच्याच्या नावाची १७. तो एक जास्तीचा म्हणजे अदृश्य जोडक. संख्या वेगळ्या आल्या तर नावं वेगळी, वाद संपला. नुसत्या 'दोन खण सारखे आहेत का' या तुलनेवर विसंबू नका. अशा तुलनेत अदृश्य खुणा काही वेळा धरल्या जात नाहीत. नेमका कुठला वर्ण आहे हे बघायचं असेल तर लिबरऑफिस रायटर या टाइपिंगच्या प्रोग्राममध्ये त्या अक्षरामागे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबा, अक्षराच्या जागी त्याचा क्रमांक दिसतो. पुन्हा दाबलं की अक्षर परत येतं.

असे जुळे फोल्डर एक करताना घाई नको. आधी सगळ्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. मग दोन्ही संगणकांवर या फोल्डरचं सिंक थांबवा, सिंकथिंगमध्ये त्याला 'पॉज' आहे. एकाच संगणकावर तिसरा, वेगळ्या नावाचा फोल्डर करा. पहिल्यातल्या फाइली त्यात कॉपी करा, मग दुसऱ्यातल्या. एकाच नावाची फाइल दोन्हींत निघाली तर 'रिप्लेस' न म्हणता दोन्ही ठेवा आणि उघडून वाचा. फाइलींची संख्या जुळली की मगच जुने दोन पुसा आणि सिंक पुन्हा सुरू करा.

पुढे असं होऊ नये म्हणून आम्ही दोघांनी एकच कीबोर्ड वापरायचं ठरवून पाहिलं. जमलं नाही, हाताची सवय अशी सुटत नाही. मग मी नावंच बदलली. फोल्डरच्या नावात ऱ आणि ॲ येऊच द्यायचे नाहीत. 'शेतकऱ्यांचे अर्ज'चं झालं 'शेतकरी अर्ज'. 'ॲफिडेव्हिट'चं 'प्रतिज्ञापत्र'. 'ॲडव्हान्स'चं 'उचल'. आत मजकुरात काय हवं ते लिहा, नाव साधं ठेवा. फाइलीच्या नावाची सुरुवात तारखेने होते, वर्ष-महिना-दिवस, आणि अंक कुठले वापरायचे तेही ठरलेलं आहे, कारण देवनागरी अंकांचं आणि इंग्रजी अंकांचं २०२५ ही पुन्हा दोन वेगळी नावं.

जी नावं पलीकडे पोचतच नाहीत

हा भाग थोडक्यात, कारण इथे सिंकथिंग स्वतःच सांगतं. फोल्डरपाशी 'आउट ऑफ सिंक' दिसलं की त्यावर क्लिक करा, अडलेल्या फाइलींची यादी आणि कारण येतं. लिनक्सवर भाच्याने 'सुनावणी ११:३०' असं नाव दिलं होतं. विंडोजला नावात अपूर्णविराम चालत नाही. प्रश्नचिन्ह, तारांकन, दुहेरी अवतरण, उभी रेघ हीसुद्धा तिथे चालत नाहीत. सातबारा लिहिताना येणारी तिरकी रेघ तर दोन्हीकडे बंद. शेवटी टिंब किंवा मोकळी जागा असलेलं नावही विंडोज घेत नाही, आणि आपल्याला 'गट क्र.' किंवा 'तहसीलदार सो.' असं लिहून थांबायची सवय असते. टिंब काढा, फाइल पोचते.

लांबीचा मुद्दा मात्र बारकाईने वाचा. उबुंटूच्या नेहमीच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिममध्ये एका नावाला २५५ बाइट मिळतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी वर्णाला तीन. म्हणजे ८५ वर्ण, आणि त्यात प्रत्येक काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त वेगळा मोजला जातो. विंडोजचं मोजमाप बाइटांवर नाही, तिथे मराठी नावही २५५ पर्यंत चालतं. वर्डमध्ये पहिल्यांदा सेव्ह करताना दस्तऐवजाची पहिली ओळ नाव म्हणून सुचवली जाते, आणि अर्जाची पहिली ओळ लांबलचक असते. ती फाइल विंडोजवर सुखाने राहते आणि लिनक्सवर 'फाइल नेम टू लाँग' म्हणून अडते. मी सत्तर वर्णांची मर्यादा ठेवली आहे. कारण कॉन्फ्लिक्टचं शेपूट ३८ बाइट खातं, एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटचं टिंब आणि फाइलीचा प्रकार) चार-पाच, उरलेले भागिले तीन केले की सत्तरच येतात.

उघडी राहिलेली फाइल

सेल बदलल्यावर चुकीची फाइल हरायची थांबली, पण झगडे अधूनमधून होत राहिले. त्यांचं कारण आमच्या हातात होतं. लॅपटॉपवर फाइल उघडी ठेवून झाकण मिटायचं. मध्ये दुकानात तीच फाइल बदलायची. झाकण उघडलं की नवी फाइल डिस्कवर येते, पण पडद्यावर जुनाच मजकूर असतो, आणि हात सवयीने कंट्रोल-एस दाबतो. लिबरऑफिस अशा वेळी विचारतं, की उघडल्यानंतर ही फाइल बदलली आहे, तरी सेव्ह करायची का. तो प्रश्न वाचायला हवा. तिथे 'हो' म्हटलं तर सिंकथिंगला झगडा दिसतच नाही. त्याच्या दृष्टीने ही नव्या फाइलीवर केलेली नवी दुरुस्ती आहे, आणि दुकानातलं काम कॉन्फ्लिक्टची फाइलही न ठेवता जातं. अशा वेळी 'नाही' म्हणा, आपला मजकूर वेगळ्या नावाने सेव्ह करा आणि दोन्ही शेजारी ठेवून जुळवा.

लिबरऑफिस फाइल उघडी असताना तिच्याशेजारी एक छोटी लपलेली लॉक फाइल करतं. बरेच जण तिला सिंकमधून वगळायला सांगतात. मी वगळत नाही. दोन्ही संगणक चालू असतील तर ती दुसरीकडे पोचते आणि भाच्याने फाइल उघडली की त्याला 'ही दुसऱ्याने उघडली आहे' असा इशारा मिळतो. कधी ती उगाच मागे राहते आणि काढून टाकावी लागते, तेवढं मला चालतं.

चालू डेटाबेसचे फोल्डर, मग तो टॅली या हिशोबाच्या प्रोग्रामचा डेटा असो किंवा थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रामचं प्रोफाइल, अशा जिवंत सिंकमध्ये ठेवू नका. त्यांच्या अनेक फाइली मिळून एक संच बनतो, आणि त्यांतल्या निम्म्या नव्या, निम्म्या जुन्या पोचल्या तर तो उघडतच नाही. प्रोग्राम बंद करून बॅकअप घ्या आणि ती एकच फाइल पाठवा.

आणि जुन्या आवृत्त्या राखायची सोय दोन्ही संगणकांवर चालू करा. सिंकथिंगमध्ये फोल्डरच्या सेटिंगमध्ये 'फाइल व्हर्जनिंग' आहे. मी 'स्टॅगर्ड' हा प्रकार घेतला. पहिल्या दिवसात तासाला एक, पहिल्या तीस दिवसांत दिवसाला एक, पुढे आठवड्याला एक अशी आवृत्ती तो राखतो, आणि पहिल्या तासात तर दर तीस सेकंदांना एक. फक्त एक गोष्ट नीट समजून घ्या: समोरच्या संगणकाकडून आलेल्या बदलामुळे जी फाइल बदलते किंवा पुसली जाते, तिचीच जुनी प्रत राखली जाते. तुम्ही स्वतः याच संगणकावर केलेला बदल त्यात नाही. त्याची जुनी प्रत समोरच्याकडे असते. म्हणून एकाच बाजूला चालू करून अर्धंच संरक्षण मिळतं. त्या आजोबांच्या अर्जाची सकाळची आवृत्ती मी पुसलेल्या कॉन्फ्लिक्ट फाइलींतली एक होती. तेव्हा लॅपटॉपवर व्हर्जनिंग चालू असतं तर ती तिथे सापडली असती.

आता सकाळी दुकानात आल्यावर मी आधी लॅपटॉप पिशवीतून काढून सुरू करते, सिंकथिंगच्या पानावर दोन्ही फोल्डर 'अप टु डेट' दिसेपर्यंत थांबते, कोपऱ्यातली तारीख बघते, आणि मग पहिल्या माणसाला आत बोलावते.